अक्काआत्या आणि डावी टाच

अक्काआत्या यायच्या आत माझी डावी टाच बरी व्हायला हवी होती. नुसती माझ्यासाठी म्हणून ती बरी व्हावी, हा आग्रह मी केव्हाच सोडला होता. प्रश्न आत्याचा होता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सिन्नरला असते आणि माणूस गेल्यानंतर काय करायचं असतं, ते तिला सगळं येतं. तिचा एक पक्का नियम आहे. गेलेल्या माणसाचं पायताण घरात ठेवायचं नाही. ठेवलं तर त्याचं चालणं मागे अडकतं आणि घरातल्यांच्या पायात शिरतं. म्हणून बाबांच्या तेराव्याला तिने घरभर फिरून त्यांच्या चामडी चपला, फिरायला जायचे बूट आणि त्यांनी हौसेने घेऊन एकदाही न घातलेले गमबूट गोळा केले आणि वाटून टाकले. घरातल्या स्लिपर तेवढ्या वाचल्या, कारण नेमक्या त्या वेळी कुणीतरी पाहुणा त्या घालून बाथरूममध्ये गेला होता आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तो कोण हे मला अजून कळलेलं नाही. त्याच्या पोटाच्या तक्रारीचे माझ्यावर उपकार आहेत.

स्लिपर साध्या रबराच्या, निळ्या पट्ट्याच्या. बाबा डावा पाय किंचित ओढत चालायचे, त्यामुळे डावीची टाच झिजून पापड झालेली. आई सकाळी दूध आणि फुलं आणायला खाली उतरते आणि फुलांपेक्षा बातम्याच जास्त घेऊन येते. तेवढ्या वेळात मी त्या स्लिपर घालते आणि स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या मारते. फटक्, सर्र. फटक्, सर्र. तो आवाज असला की घर जाग्यावर असल्यासारखं वाटतं. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. मग त्या पुसून वॉशिंग मशीनच्या मागे ठेवून देते. तिथे त्या कधीकधी आपोआप जागा बदलत, डावी उजवीकडे जाई. कपडे पिळायला लागलं की आमचं मशीन थरथरतं, त्याने होत असेल, असा माझा समज होता. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं, हाही माझाच समज.

आणि मग टाच दुखायला लागली.

हे दुखणं फार कावेबाज असतं. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या तळाशी, जरा आतल्या बाजूला, तापलेला खिळा शिरावा तशी कळ येते. मनुष्य ओरडतो. घरातलं कुणी धावत येईपर्यंत चार पावलं पडलेली असतात आणि कळ जवळजवळ गेलेली असते. आलेल्या माणसासमोर आपण खोटे पडतो. दिवसभर चालताना फारसं काही नाही. पण जरा बसून उठलं की पुन्हा तोच खिळा. म्हणजे काम केलं तर माफी आणि आराम केला तर शिक्षा. मध्यमवर्गीय माणसाला याहून ओळखीचा आजार मिळणार नाही.

मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माझ्या खुर्चीतून उठून पुस्तकाच्या कपाटापर्यंत जाणं हा आता बघण्यासारखा कार्यक्रम झाला. आमच्याकडचा प्रफुल्ल दोन दिवस गंभीरपणे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही उठताना तेवढ्या ऐंशीच्या वाटता. कपाटाशी पोचेपर्यंत पुन्हा पंचेचाळीसच्या होता."

मी बेचाळीसची आहे. पण टाचेच्या भानगडीत वयाचा मुद्दा काढण्यात अर्थ नव्हता.

आईला मी जेवताना सांगितलं, "टाचेत काहीतरी होतंय गं. सकाळी उठलं की पहिलं पाऊल..."

"काचेवर पडल्यासारखं," आई म्हणाली. "आतल्या बाजूने. मग कमी होतं. बसून उठलं की परत."

"तुला कसं माहीत?"

"बायकांना माहीत असतं," ती म्हणाली आणि भात वाढायला उठली. उठताना तिने टेबल धरलं. तिचे गुडघे दुखतात, अशी आमच्या घरात सर्वमान्य समजूत आहे.

समोरच्या फ्लॅटमधल्या सविता वहिनींना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी मला लिफ्टची वाट बघताना एका पायावर उभं पाहिलं आणि निदान केलं. "टाच ना? माझ्या सासूबाईंची वीट आणि रुईच्या पानांनी गेली. वीट तापवायची, वर रुईची पानं ठेवायची, पाणी शिंपडायचं आणि टाच दाबून धरायची. डॉक्टरकडे जायचं नाही. ते हाड वाढलंय म्हणतात आणि तुमच्या मनात ते वाढतच राहतं."

उपाय स्वस्त वाटला. प्रत्यक्षात आमच्या भागात मातीची वीट मिळत नाही, हे मला माहीत नव्हतं. चहूकडे इमारती उभ्या राहताहेत आणि वीट नाही. मी तीन ठिकाणी विचारलं, सगळीकडे राखाडी ठोकळे. शेवटी एका बांधकामावरच्या अमित नावाच्या सुपरवायझरने मला नमुना फ्लॅटच्या बागेकडे नेलं. तिथे गुलाबाच्या वाफ्याला शोभेच्या लाल विटा लावलेल्या होत्या.

"एकच हवी होती," मी म्हणाले.

"एकच तर देता येत नाय ना मॅडम. ट्रकभर पाहिजे असती तर साहेबांशी बोललो असतो."

"मी ट्रकभर टाच कुठून आणू?"

त्याला दया आली. पण वीट फाटकाबाहेर न्यायला पास लागत होता. वॉचमनने पासवर लिहिलं, वीट, नग एक. मग प्रयोजन या रकान्याशी तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, वैयक्तिक. त्याने तसं लिहिलं, पण पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात असं होतं की कुणाच्या तरी डोक्याची त्याला काळजी वाटत असावी.

रुईची पानं त्या मानाने सोपी. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर चिमणाबाई रुईच्या माळा घेऊन बसते. मी माळ घेतली आणि घराकडे वळले.

"ताई, देऊळ हिकडं हाय," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मंग माळ तिकडं कुठं चालली?"

चार भाविक थांबून ऐकत होते. मारुतीची माळ टाचेखाली ठेवायला नेते आहे, असं शनिवारी सकाळी मारुतीच्या दारात सांगायची छाती मला झाली नाही. मी आत गेले आणि माळ देवाला घातली. बाहेर येऊन दुसरी घेतली आणि चिमणाबाईची नजर चुकवून रिक्षात बसले. तिची नजर चुकली नव्हती.

वीट गॅसवर तापायला वेळ लागतो. तापल्यावर मात्र ती आपलं म्हणणं मांडते. मी पानं ठेवली, पाणी शिंपडलं आणि भिंतीला टेकून वर पाय ठेवला. तोल जायला लागला म्हणून दुसराही ठेवला. विटेवर उभं राहिल्यावर माझे हात कमरेवर का गेले ते मी सांगू शकत नाही. आई दारात येऊन थांबली, पाहिलं, आणि म्हणाली, "हात जोडू की खाली उतरतेस?" तेवढ्यात पायाखालची पानं सुकली आणि मी उतरले. फार वेगाने उतरले. टाच दुखायची थांबली, कारण आता तळवा भाजला होता.

शेवटी मी डॉक्टर संध्याताईंकडे गेले. त्या हाडांच्या डॉक्टर. त्यांनी टाचेवर एका ठिकाणी अंगठा दाबला. मी टेबलाची कड धरली. "इथेच," त्या म्हणाल्या आणि समाधानाने हसल्या, जसं हरवलेलं पुस्तक सापडल्यावर मी हसते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो सुजला आहे. रात्रभर तो आखडून बसतो आणि सकाळी पहिल्या पावलाला ताणला जातो. "एक्सरेमध्ये बारीक हाड वाढलेलं दिसेल. पुष्कळांना असतं, सगळ्यांना दुखत नाही. त्याच्या मागे लागू नका. घरात काय घालता पायात?"

मी म्हणाले, "काही नाही."

"अनवाणी?"

"हो."

"झिजलेल्या, चपट्या स्लिपर वगैरे तर घालत नाही ना? पुष्कळ लोकांना सोडवत नाहीत. पण त्या आधी टाकायच्या. बाकी सगळे उपाय त्यानंतर."

"आमच्याकडे तसं काही नाही," मी म्हणाले. माझ्या आयुष्यात मी शपथेवर खोटं बोललेले नाही. शपथ घ्यायला लावली नव्हती, एवढंच.

म्हणजे आत्याचं म्हणणं बरोबर होतं. कारण चुकीचं, निष्कर्ष बरोबर. स्लिपरमुळे बाबांचं चालणं माझ्या पायात शिरलं होतं, आणि हे एका शिकलेल्या डॉक्टरबाईंनी अंगठा दाबून सांगितलं. आत्याला हे कळलं तर स्लिपर त्याच दिवशी घराबाहेर. बाबांचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं आणि त्यासाठी आत्या येणारच होती. स्लिपर न सोडता टाच बरी करणं हा एकच मार्ग उरला.

डॉक्टरांनी भिंत ढकलायला सांगितलं होतं. एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, दोन्ही हात भिंतीवर, म्हणजे पोटरी सैल होते. आमच्या हॉलमधल्या सगळ्या भिंतींना काही ना काही टेकलेलं आहे. मोकळी भिंत फक्त दाराजवळची. दार उघडं होतं. सविता वहिनींनी मला दात आवळून भिंत ढकलताना बघितलं आणि आपलं दार लावून घेतलं. संध्याकाळी शिऱ्याची वाटी आली. दुसऱ्या मजल्यावरून फुटाण्याचे लाडू आले. पार्किंगमध्ये एक गृहस्थ, ज्यांच्याशी माझी जन्मात ओळख नाही, ते म्हणाले, "वडील गेले की होतं असं. धीर धरा. भिंत कुठे जात नाही."

मी आभार मानले.

दुसरा उपाय गोठवलेल्या बाटलीचा. बाटलीतलं पाणी गोठवायचं आणि ती पायाखाली लोळवायची. आमच्या घरात तांब्याच्या आणि स्टीलच्या बाटल्या आहेत, प्लास्टिक आईने हद्दपार केलं आहे. शोधता शोधता फ्रिजवर, कॅलेंडरच्या मागे, एक प्लास्टिकची बाटली सापडली. पाणी भरलेलीच होती. मी ती फ्रीझरमध्ये टाकली. बाटलीचा गुण आला. लोळवताना इतकं बरं वाटे की मी पायाखाली बाटली आणि हातात पुस्तक अशी दोन दोन तास बसू लागले.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे शेखर काका आले. काका सोसायटीचे सेक्रेटरी. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय खरी मानत नाहीत. बाबांचे फिरायला जायचे सोबती होते ते. आता एकटेच जातात, आणि लवकर परत येतात.

"चैताली, वरून गडगडण्याचा आवाज येतो," ते दारातूनच म्हणाले. "पाटा वरवंटा आणला का?"

"बाटली आहे काका. टाचेसाठी. बर्फाची."

"जड वस्तू सरकवण्याबद्दल सोसायटीचा नियम आहे. बर्फ त्यात बसतो का ते बघावं लागेल. वितळला तर पाणीगळतीचा नियम लागेल."

"मी खाली टॉवेल घालते."

"घाल. म्हणजे मला लिहावं लागणार नाही." ते जायला वळले आणि थांबले. "ते दुसरं, फटक् सर्र, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

मी टॉवेल आणायला वळले.

"सकाळी येतो, दुपारी येतो. दुपारी मी पडलेला असतो तेव्हा ऐकतो. ते चालू दे. बाटलीचं तेवढं बघ."

"दुपारी नसेल काका. दुपारी मी कॉलेजात असते."

"मी दुपारी घरात असतो," काका म्हणाले. "मला माझं छत कळतं."

ते गेल्यावर मला वाटलं, काका आता थकले.

आत्या गुरुवारी येणार होती. ती बुधवारी आली. सिन्नरहून एसटी लवकर सुटली, असं तिने कारण दिलं. एसटी लवकर सुटल्याची आमच्या जिल्ह्यातली ही पहिलीच घटना असावी. मी सोफ्यावर बाटली लोळवत होते, शेजारी आई वाटाणे सोलत होती. बेल वाजली. आम्ही दोघी एकदम उठलो, आणि दोघींच्या तोंडून एकदम "स्स्" निघालं. दारापर्यंत आम्ही एकीमागे एक, सारख्याच लयीत गेलो.

आत्याने पिशवी खाली ठेवली नाही. ती आमच्या पायांकडे बघत होती.

"दोघी डाव्या पायाने लंगडताय."

"फरशी ओली होती, अक्का," आई म्हणाली.

"दोघींच्या डाव्याच पायाखाली ओली व्हती?" आत्या आत आली, बसली, पाणी प्यायली. मग तिची नजर टॉवेलवरच्या बाटलीवर गेली. तिने ती उचलली आणि झाकणाला बांधलेला लाल दोरा बोटाने चाचपला. तो मी शोभेचा समजले होते.

"ही तर मी काशीहून आणलेली गंगा. दादाच्या वर्षश्राद्धाला म्हणून धाडली व्हती. हिचा दगड कसा झाला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. आत्याने बाटली उलटीसुलटी करून पाहिली.

"गंगा विष्णूच्या पायातूनच निघाली ना, अक्का," आई हळूच म्हणाली. "तिला पायाचं काही नवीन नाही."

"विष्णूच्या," आत्या म्हणाली. "चैतीच्या नाय." तिने बाटली पदराने पुसून देवघरात नेऊन ठेवली आणि परत आली. "आता सांगा. दादाचं पायताण कुठं हे?"

"कसलं पायताण?" आम्ही दोघी म्हणालो, आणि दोघींनी एकाच वेळी वॉशिंग मशीनकडे बघितलं.

मग आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"तू?" मी म्हणाले.

"दुपारी," आई म्हणाली. "तू गेल्यावर. फार नाही, दोन चार फेऱ्या. तू सकाळी घालतेस ते मला माहीत होतं. मी दूध घेऊन वर आले की दाराबाहेर थांबायचे, तुझं होईपर्यंत."

मशीन थरथरल्यामुळे डावी स्लिपर उजवीकडे जात नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

आत्याने मशीन ओढून स्लिपर बाहेर काढल्या. "वर्षभर ठेवल्या. तरी म्हणते मी, दोघींचे पाय का गेले. आत्ता कचऱ्यात टाकून येते."

"अक्का, राहू द्या ना," आई म्हणाली. तिने हे दोनदा म्हटलं. मी आईला कुणाकडे काही मागताना फारसं पाहिलेलं नाही.

"नाय वहिनी. हे तुमच्या भल्यासाठी हे."

पण तेरावा झाल्यावर गेलेल्याच्या पायताणाला हात लावायचा नाही, असा आत्याचा आणखी एक नियम आहे, आणि मशीनमागून काढताना तो एकदा मोडून झाला होता. पुन्हा मोडायला नको म्हणून तिने स्लिपर पायात सरकवल्या. नियमांचं असं असतं. ती दाराकडे निघाली.

फटक्, सर्र.

स्लिपर झिजलीच अशी होती की जो घालेल त्याला डावा पाय ओढावाच लागे. फटक्, सर्र. आत्या दारापर्यंत गेली. कडीला हात लावला. थोडी उभी राहिली. मग वळली आणि स्वयंपाकघरात गेली, तिथून बाल्कनीत, तिथून परत. आई वाटाण्याचं ताट मांडीवर घेऊन बसली होती, सोलत नव्हती. खाली शेखर काकांचा टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"जिना ओला असंल आत्ता," आत्या म्हणाली. "उद्या टाकते."

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध झालं. गुरुजींनी वितळलेल्या गंगेबद्दल काही विचारलं नाही आणि आम्ही काही सांगितलं नाही. रामकुंडावरूनही पाणी आणलं होतं, नाशिकला गंगेचा तुटवडा नाही. त्या दिवशी स्लिपर टाकायच्या राहिल्या, कारण श्राद्धाच्या दिवशी घरातून काही टाकत नाहीत. शुक्रवारी देवीचा वार. शनिवारी रबर टाकत नाहीत, हा नियम मी तरी पहिल्यांदाच ऐकला. आत्याचं सिन्नरला जाणंही पुढे पुढे जात होतं. मी सकाळी चालायचे, आई दुपारी. संध्याकाळी आम्ही दोघी भाजी आणायला खाली जायचो, तेव्हा आत्या म्हणायची, तुम्ही जा, मी घर बघते. परत आल्यावर शेखर काका जिन्यात भेटायचे आणि मान डोलवायचे.

मग एका सकाळी आतल्या खोलीतून आवाज आला, "अगं आई गं."

आम्ही धावलो. म्हणजे आमच्या परीने धावलो. आत्या पलंगाची कड धरून एका पायावर उभी होती.

"गादी कडक हे तुमची," ती म्हणाली.

"टाचेच्या आतल्या बाजूने?" मी विचारलं.

"काचेवर पडल्यासारखं?" आईने विचारलं.

आत्याने चार पावलं टाकली. कळ गेली असावी, कारण तिचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा कडक झाला. "झालं. गेलं. काय नाय," ती म्हणाली, चहाला बसली, आणि चहा पिऊन उठताना पुन्हा तिने आपल्या आईला हाक मारली.

डॉक्टर संध्याताईंकडे आम्ही तिघी गेलो. बाकावर ओळीने बसलो, ओळीने उठलो. बाकीच्या पेशंटनी आमचं उठणं बघून आपापले पाय आत घेतले. डॉक्टरांनी तिघींच्या डाव्या टाचांवर एकाच ठिकाणी अंगठा दाबला आणि तीनदा "इथेच" म्हणाल्या. मग त्या मागे टेकल्या आणि आमच्याकडे आळीपाळीने बघू लागल्या.

"एका घरात तीन बायका, तिघींची डावी टाच," त्या म्हणाल्या. "मी हे अजून पाहिलेलं नाही. घरात काय घालता पायात?"

"काही नाही," मी म्हणाले.

"काही नाही," आई म्हणाली.

आत्याने मांडीवरची कापडी पिशवी जरा जवळ ओढली आणि तिच्यातून डोकावणारा निळा पट्टा पदराने झाकला. ती पिशवी तिने घरातून निघताना घेतली होती, तुमच्या दोघींच्या भरवशावर काही ठेवून जायची सोय नाही, असं म्हणून.

"आमच्यात घरात पायताण घालायची पद्धतच नाय," आत्या म्हणाली.